कापडाचा कोटा उठला, माणसांचा कोटा कायम आहे

व्यापाराच्या पानावर अमेरिकेच्या व्हिसाचा विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीपासून कोकणातल्या गावांपर्यंत आज अशी बरीच घरे आहेत की ज्यांचा मुलगा, जावई किंवा पुतण्या अमेरिकेत नोकरीला आहे, आणि ‘ग्रीन कार्ड येऊ द्या, मग बघू’ या एका वाक्यावर घरातले मोठे व्यवहार अडून बसले आहेत. दुकानाचा गाळा विकायचा की भाड्याने द्यायचा, जुने माग काढून नवे घ्यायचे की धंदा आवरता घ्यायचा, भावाभावांत वाटणी आता करायची की नंतर, हे सारे त्या कार्डावर टांगलेले असते. ज्या कागदावर आपले भांडवल अडकते, तो कागद व्यापाऱ्याने स्वतः वाचला पाहिजे.

तो कागद म्हणजे ‘व्हिसा बुलेटिन’. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला ते काढते. त्यात नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्य मागणाऱ्यांचा एक तक्ता असतो. आडव्या ओळीत वर्ग, उभ्या रकान्यात देश. भारत, चीन, मेक्सिको, फिलिपाइन्स यांचे रकाने वेगळे आणि बाकी सगळ्या जगाचा एक. प्रत्येक चौकटीत एक तारीख किंवा एक अक्षर. ‘सी’ असेल तर दरवाजा सगळ्यांना खुला, ‘यू’ असेल तर बंद. तारीख असेल तर ज्याचा अर्ज त्या तारखेच्या आधीचा आहे, त्याचाच नंबर लागतो. त्याच तारखेचा किंवा नंतरचा असेल त्याने थांबायचे. यालाच कट-ऑफ तारीख म्हणतात.

अर्जाची तारीख कोणती धरायची? नोकरी देणाऱ्या मालकाने तिथल्या कामगार खात्याकडे ‘या जागेसाठी अमेरिकन माणूस मिळत नाही’ असा दाखला मागितला तो दिवस. जिथे हा दाखला लागत नाही, तिथे मालकाने इमिग्रेशन खात्याकडे अर्ज दाखल केला तो दिवस. ही झाली ‘प्रायॉरिटी डेट’. ऑक्टोबर २०१५ पासून बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. दुसऱ्या तक्त्यातली तारीख बहुधा पुढची दिसते आणि घरचे लोक तीच बघून मिठाई वाटतात. तिचा उपयोग कागदपत्रे दाखल करण्यापुरता आहे. कार्ड मिळते ते पहिल्या तक्त्यावर.

हिसाब आकड्यांचा

आता माल किती आणि गिऱ्हाईक किती ते पाहू. अमेरिकेने १९९० साली कायदा केला आणि नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० व्हिसा ठरवले. त्याचे पाच वर्ग. पहिला असामान्य गुणवत्तेचे लोक, नामांकित संशोधक आणि बड्या कंपन्यांचे व्यवस्थापक यांचा. दुसरा उच्च पदवीधरांचा. तिसरा पदवीधर आणि कुशल कामगारांचा. या तिघांना प्रत्येकी २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४०. चौथा वर्ग धर्मसेवक वगैरे खास लोकांचा आणि पाचवा पैसे गुंतवणाऱ्यांचा. त्यांना प्रत्येकी ७.१ टक्के.

यात दोन अटी अशा आहेत की त्यांनीच सारा खेळ होतो. पहिली, माणूस एक असला तरी त्याची बायको आणि मुलेही याच आकड्यात धरली जातात. चौघांचे कुटुंब असेल तर चार नंबर खर्ची पडतात. दुसरी, कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाही. म्हणजे नोकरीच्या सगळ्या वर्गांत मिळून वर्षाला सुमारे ९,८००. आइसलँडसारख्या छोट्या देशाला जी मर्यादा, तीच भारताला. इतर देशांची मागणी कमी पडली तर उरलेले नंबर जुन्या तारखांना मिळतात, म्हणून काही वर्षी भारताच्या पदरात जास्त पडले. पण ते वरकड उत्पन्न झाले, हक्काचे नव्हे.

परिणाम बघा. ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये दुसऱ्या वर्गात बाकी जगाची कट-ऑफ तारीख १ डिसेंबर २०२३ होती. भारताची होती १ एप्रिल २०१३. पदवी तीच, काम तेच, पगारही तोच असेल, पण अंतर दहा वर्षांहून जास्त.

इथे बहुतेक लोक हिसाबात चुकतात. ते म्हणतात, २०१३ चा माणूस २०२५ मध्ये लागला, म्हणजे साडेबारा वर्षांचा इंतजार. आपला मुलगा २०१९ चा, म्हणजे २०३१-३२ मध्ये त्याचे काम होईल. हे चूक आहे. आज ज्याचा माल उचलला गेला त्याने किती वाट पाहिली, एवढेच कट-ऑफ तारीख सांगते. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्याला किती थांबावे लागेल ते ती सांगत नाही, कारण मधल्या वर्षांत रांग कितीतरी लांब झाली आहे. चाल बघायची असेल तर ऑक्टोबर २०२२ चे बुलेटिन काढा. तेव्हा भारताची दुसऱ्या वर्गाची तारीख १ एप्रिल २०१२ होती. तीन वर्षांत ती एक वर्ष पुढे सरकली. याच चालीने २०१९ च्या अर्जदाराला आणखी अठरा वर्षे लागतात. आज पाच वर्षांची असलेली नात तेव्हा तेवीस वर्षांची असेल.

वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटने २०२३ साली हिसाब मांडला होता. नोकरीच्या वर्गांत १८ लाख प्रकरणे पडून होती आणि त्यातली सुमारे ११ लाख भारतीयांची होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गात नव्याने येणाऱ्या भारतीयाला १३४ वर्षे लागतील, असा त्यांचा अंदाज होता. १३४ वर्षे कोणी जगत नाही. त्याचा सरळ अर्थ असा की नव्या अर्जदारांपैकी बहुतेकांचा नंबर लागणारच नाही.

आपण हा कोटा पाहिलेला आहे

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला ही भाषा नवी नाही. १९७४ पासून मल्टी-फायबर अरेंजमेंट होती. अमेरिका आणि युरोपचे देश आपल्यासारख्या देशांच्या कापडावर आणि तयार कपड्यांवर देशवार, प्रकारवार कोटा लावत. माल कितीही चांगला असो, भाव कितीही परवडणारा असो, कोटा संपला की गाठी गोदामात. कोट्याची खरेदी-विक्रीही चाले. मी धंद्यात नवा असताना निर्यातीच्या बाजारात सुताच्या भावाइतकीच कोट्याच्या भावाची चर्चा असे. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, कोटा टप्प्याटप्प्याने काढण्याचे ठरले आणि १ जानेवारी २००५ ला तो उठला. कापूस, सूत, चादर, शर्ट यांना ‘तुझा जन्म कुठल्या देशातला’ असे विचारून दारात अडवणे बंद झाले. शर्ट शिवणाऱ्या आणि संगणक चालवणाऱ्या माणसाला मात्र हा प्रश्न आजही विचारला जातो.

दोन्ही कोट्यांत एक फरक आहे आणि तो माणसांच्या कोट्याला कमीपणा आणणारा आहे. कापडाच्या कोट्यात न वापरलेल्या आकड्याचा काही भाग पुढच्या वर्षात नेण्याची सोय होती. माणसांच्या कोट्यात वर्ष ३० सप्टेंबरला संपते आणि त्या दिवशी उरलेला नंबर या रांगेच्या हातून जातो. कोरोनाच्या काळात परदेशातल्या कचेऱ्या बंद होत्या, म्हणून कुटुंबाच्या वर्गातले व्हिसा शिल्लक राहिले आणि २०२१ च्या वर्षात नोकरीच्या वर्गांना सुमारे २,६२,००० नंबर मिळाले. इतकी बरकत कधी झाली नव्हती. पण खात्याचे काम वेळेत उरकले नाही आणि सुमारे ६६,००० नंबर वाया गेले. बाहेर लाखो लोक उभे आणि आत माल मुदतबाह्य झाला. आपल्या दुकानात असे घडले असते तर मुनीमाला दुसऱ्या दिवशी घरी बसवले असते.

आणखी एक धडा कोट्याच्याच काळातला आहे. दक्षिण कोरियाचा कोटा भरला तेव्हा तिथल्या देवू कंपनीने बांगलादेशात देश गारमेंट्सशी हातमिळवणी केली, कारण बांगलादेशावर तेव्हा कोटा नव्हता. त्यातून त्या देशाचा शिलाईचा धंदा उभा राहिला. अडवलेला धंदा थांबत नाही, तो वाट बदलतो. माणसांचेही तसेच होते. कॅनडात गुणांवर निवड होते, तिथे देशवार टक्केवारी नाही. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतल्या एच-वन-बीवाल्यांसाठी १०,००० खास परवाने काढले. ते दोन दिवसांच्या आत संपले.

पुढे गेलेली तारीख मागेही येते

मुद्दती हुंडीवर मुद्दत लिहिलेली असते. ती उशिरा वटली तरी दावा करता येतो. कट-ऑफ तारीख ही अशी हुंडी आहे की जिची मुद्दत लिहून देणारा दर महिन्याला बदलू शकतो, आणि मागेही नेऊ शकतो.

जुलै २००७ च्या बुलेटिनमध्ये जवळपास सगळे वर्ग खुले झाल्याचे जाहीर झाले. लोकांनी वकिलांच्या फिया भरल्या, डॉक्टरी तपासण्या केल्या, विमानाची तिकिटे रद्द केली. २ जुलैला खात्याने सांगितले, नंबर संपले. तेव्हा तिथल्या भारतीयांनी इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना फुलांचे गुच्छ पाठवले. आदल्या वर्षी आलेल्या मुन्नाभाईच्या सिनेमातली गांधीगिरी त्यांनी वॉशिंग्टनला पोहोचवली. १७ जुलैला खात्याने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. पण अर्ज स्वीकारला म्हणजे कार्ड मिळाले असे नव्हे. त्यातल्या अनेक भारतीयांना पुढे वर्षानुवर्षे थांबावे लागले.

२०२२ ची गोष्ट तर ताजी आहे. त्या सप्टेंबरच्या बुलेटिनमध्ये भारताची दुसऱ्या वर्गाची तारीख १ डिसेंबर २०१४ होती. ऑक्टोबरमध्ये ती १ एप्रिल २०१२ वर आली, डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११ वर, आणि २०२३ च्या पूर्वार्धात १ जानेवारी २०११ वर. ज्याची तारीख २०१३ ची, त्याचा नंबर सप्टेंबरमध्ये लागत होता. कागद पूर्ण नसल्याने महिनाभर राहिला, तर दार पुन्हा वर्षांसाठी बंद. या घटना बघूनही जो बापभाऊ ‘पुढच्या वर्षी नक्की’ या भरवशावर गाळा विकतो, तो सट्टा खेळतो.

दुसरी बाजू

न्यायाने बोलायचे तर ७ टक्क्यांच्या बाजूनेही एक म्हणणे आहे. मर्यादा काढली तर पुढची कित्येक वर्षे बहुतेक सगळे नंबर भारत आणि चीन घेतील, आणि फिलिपाइन्सची नर्स किंवा आफ्रिकेतला डॉक्टर रांगेच्या टोकाला जाईल. हे खोटे नाही. म्हणून नुसती देशवार मर्यादा काढणे म्हणजे तीच भाकरी वेगळ्या तऱ्हेने तोडणे. माझ्या मते खरा दोष भाकरीच्या आकारात आहे. १९९० साली ठरलेला १,४०,००० चा आकडा आजही तोच आहे. बायका-मुले त्या आकड्यातून वगळली आणि वाया गेलेले नंबर परत आणले, तर कोणाच्या ताटातले न काढता रांग बरीच आखूड होईल.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. देशवार मर्यादा उठवणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने आपला वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्ही मसुद्यांचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही. उलट वारा आता दुसरीकडून वाहतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर १,००,००० डॉलर लावण्याचा हुकूम काढला. तिथला कायदा तिथले लोक करतील. आपल्या हातात आपला हिसाब आहे, आणि तो तरी आपण नीट ठेवावा.

आपल्या वहीत काय लिहावे

पहिली गोष्ट, मुलाला तीन प्रश्न विचारा: वर्ग कोणता, प्रायॉरिटी डेट कोणती, जन्म कुठला. ‘प्रोसेस चालू आहे’ हे उत्तर घेऊ नका. मालकाचा अर्ज मंजूर झालेला असेल तर नोकरी बदलली तरी जुनी तारीख कायम राहते. नवा मालक दाखला आणि अर्ज पुन्हा करतो, पण नंबर जुन्याच तारखेवर लागतो. एच-वन-बीची सहा वर्षे संपली तरी मंजूर अर्जावर मुदत वाढत जाते. म्हणजे मुलगा तिथे राहू शकतो, कमावू शकतो. मात्र त्याचे राहणे नोकरीच्या दोरीला बांधलेले असते, आणि स्वतःचे दुकान थाटणे त्याला जड जाते.

दुसरी गोष्ट, रकाना ठरतो तो जन्माच्या देशावरून. पासपोर्ट कोणता हे त्यात बघितले जात नाही. रत्नागिरी, रायगडच्या अनेक कुटुंबांची मुले कुवेत, सौदी किंवा दुबईत जन्मली. त्यांचा पासपोर्ट भारताचा असला तरी त्यांचा नंबर बाकी जगाच्या रकान्यात लागतो. इतकेच काय, नवऱ्याचा जन्म मालेगावचा आणि बायकोचा कुवेतचा असेल, तर नवऱ्यालाही बायकोच्या देशाचा रकाना घेता येतो. ही गोष्ट ठाऊक नसल्याने कोणी विनाकारण भारताच्या रांगेत उभे राहू नये. मुलाच्या जन्मावरून आईबापांना मात्र हा फायदा मिळत नाही.

तिसरी गोष्ट, नातवंडांचे वय बघा. मूल २१ वर्षांचे झाले की ते बापाच्या अर्जातून गळू शकते. २००२ च्या एका कायद्याने वयातून काही दिवस वजा करायची सोय दिली, पण दहा-पंधरा वर्षांच्या रांगेपुढे ती अपुरी पडते. लहानपणी तिथे गेलेले मूल मग विद्यार्थी व्हिसा शोधते किंवा देश सोडते. म्हणून त्याच्या शिक्षणाचा खर्च कार्डाच्या भरवशावर न सोडता वेगळा बाजूला काढा.

चौथी गोष्ट कारागीर भावांसाठी. शिंपी, गवंडी, सुतार, यंत्र चालवणारा, ज्या कामाला निदान दोन वर्षांचा अनुभव लागतो ते तिसऱ्या वर्गात बसते. त्याहून कमी अनुभवाच्या कामाला वर्षाला जास्तीत जास्त १०,००० नंबर. तिसऱ्या वर्गातही ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताची तारीख २२ ऑगस्ट २०१३ होती. तेव्हा ‘दोन वर्षांत बायकामुलांसह अमेरिका’ सांगणारा एजंट थापा मारतो हे तारीख बघून कळते. शिवाय कामगार खात्याच्या दाखल्याचा खर्च मालकानेच करायचा, तो कामगाराकडून घ्यायचा नाही, आणि असा दाखला विकायचा नाही, असा अमेरिकेचा नियम जुलै २००७ पासून आहे. दाखल्याच्या नावाने कोणी लाख-दोन लाख मागितले तर तिथेच उठून या. लॉटरीच्या व्हिसाचे आमिष दाखवतात, त्यालाही भुलू नका. ज्या देशातून पाच वर्षांत ५०,००० हून जास्त लोक जातात त्या देशाला ती लॉटरी नसते, आणि भारत त्यातच मोडतो.

पाचवी गोष्ट ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठी. गुंतवणुकीच्या वर्गात मार्च २०२२ च्या कायद्याने रक्कम १०,५०,००० डॉलर ठरली. ग्रामीण किंवा बेरोजगारीच्या भागात ८,००,००० डॉलर. त्यातून दहा लोकांना पूर्ण वेळ रोजगार मिळायला हवा. राखीव भागांची रांग ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीयांना खुली होती, म्हणून दलाल इकडे फार फिरतात. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. ही रक्कम जोखमीची असते, परतीची हमी कायद्यानेच देता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच बाहेर पाठवता येतात. आणि प्रत्येक डॉलर कुठून आला याचा पक्का कागद लागतो: विवरणपत्र, खरेदीखत, बँकेचा उतारा. कच्च्या चिठ्ठीवरचा पैसा तिथे चालत नाही.

जुने व्यापारी येणे रकमेचे दोन भाग करत. वसूल होणारी उधारी आणि संशयित उधारी. संशयित उधारी वहीत राहायची, तिचा तगादाही चालू असायचा, पण तिच्या जोरावर कोणी नवा माल उचलत नसे. ग्रीन कार्डाची तारीख त्या दुसऱ्या खात्यात लिहा. मुलाने अर्ज जरूर ठेवावा, कागद तयार ठेवावेत, दर महिन्याला बुलेटिन बघावे. आपण मात्र गाळा, माग, वाटणी आणि मुलीचे लग्न यांचा निर्णय असा घ्यावा, जणू ते कार्ड येणार नाही. आले तर ती बरकत. नाही आले तरी दुकानाचे शटर दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी उघडले पाहिजे.